दाराचं टेबल

चोवीस डिसेंबरला दुपारी
ओत्ताव्हियोकाका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायचा
आणि आम्हा बहिणींच्या खोलीचं दार
बिजागऱ्यांवरून उतरवायचा.
मूठ काढून खिशात.
विटांच्या चार चळती, त्यांवर दार आडवं,
वर आईने लग्नात आणलेली चादर:
चौदा माणसांचं टेबल.
बेडफर्डमधल्या त्या भाड्याच्या घरात
टेबलाला जागा नव्हती.
दारं होती.

बादलीत तीन दिवस खारा बक्काला भिजायचा,
येताना फळकुटासारखा, वाजवला तर वाजणारा.
पाणी बदलणं माझ्याकडे.
मिसेस टिलब्रुक कुंपणावरून विचारायच्या,
काही मेलंय का गं तुमच्याकडे?
मी म्हणायचे, हो, पण बरेच दिवस झाले.

ऑलिव्हचं तेल केमिस्टकडे मिळायचं,
कानात घालायच्या एवढ्याशा बाटल्यांत.
मी सहा मागितल्या.
कोणाचा कान दुखतोय, तो म्हणाला.
इंग्रजी मला येत होतं, खोटं बोलणं अजून नव्हतं येत.
म्हटलं, चौदा जणांचा.

त्या वर्षी मी आठची.
टेबलाखाली शिरले,
बुटांच्या, सैल केलेल्या पट्ट्यांच्या,
आमच्या डोंगरी बोलीतल्या भांडणाच्या खाली,
आणि किल्लीच्या भोकातून
पेन्सिल वर सरकवली.
चादरीला एक टेकडी आली.
टेकडीवर एर्सिलियाआत्याचा ग्लास होता.

मी खालीच थांबले, मार टळेपर्यंत.
पण वर हशा झाला, खुर्च्या सरकल्या.
सांडलेली वाइन शुभ असते म्हणे.
आत्याने बोटं बुडवून
एकेकाच्या कानामागे लावली,
अत्तर लावावं तशी.
मला वेणीला धरून बाहेर ओढलं
आणि दोन्ही कानांमागे, जरा जोरातच.
मग म्हणाली,
दोनातो राहिला.

पप्पा भट्टीवर होता.
भट्टीला सण कळत नाही,
आणि त्या रात्रीचे पैसे जास्त.

ताटावर ताट पालथं, वर पंचाची गाठ,
खिशात वाइनने भिजवलेल्या रुमालाचं टोक.
काकाच्या सायकलच्या दांड्यावर मी,
पुढे धुकं. चिमण्या दिसत नव्हत्या,
गंधकाच्या वासावरून वळायचं कुठे ते कळत होतं.

त्याच्या कानामागे रुमाल फिरवला
तर चिखल झाला, लाल.
गार आहे गं, तो म्हणाला,
आणि मान तशीच वाकवून राहिला.

मासा तोवर थिजलेला.
पप्पाने ताट नुकत्या काढलेल्या विटांवर ठेवलं
आणि थोड्या वेळाने तेल पुन्हा चुरचुरू लागलं,
केमिस्टचं तेल,
सहा बाटल्यांतलं.
घरी कोणाला इतकं ऊन-ऊन मिळालं का, विचारलं त्याने.
नाही म्हटलं तर खूश झाला.
मला एक घास दिला. दातांखाली विटेची धूळ कचकचली.
नंतर मी चांगल्या ठिकाणी जेवले आहे,
पांढऱ्या हातमोज्यांनी वाढलेलं.
ते राहू दे.

दार सहा जानेवारीनंतर पुन्हा चढलं
तेव्हा चादरीतून झिरपलेला डाग उभा झाला,
माझ्या डोक्याच्या वीतभर वर.
दोन वर्षांत मी त्याला मागे टाकलं.

पण त्या रात्री चौकट उघडीच होती.
स्वयंपाकघरातला पिवळा उजेड
थेट आमच्या पांघरुणावर,
आणि मोठ्यांचं बोलणं, पत्ते आपटणं,
अक्रोड फुटल्याचे आवाज.
पहाटे कधीतरी ते थांबले.
पप्पा कधी आला, कळलं नाही.
त्याला काही ढकलावं, उघडावं लागलं नाही.
झोपेत मला फक्त विटांचा वास आला,
मग वाइनचा, थोडासा,
मग पांघरूण सारखं झालं.